बाबांचा घसा

माझे वडील गावात गाण्यासाठी ओळखले जात आणि मी रागासाठी. नगरच्या ट्रेनिंग शाळेत दोन वर्षं शिकून मी मास्तरीण होऊन गावी परत आले, तेव्हा मला एकोणिसावं लागलं होतं आणि आपल्याला सगळं येतं असा माझा ठाम समज होता. निदान गाणं तरी बाबांपेक्षा आपल्याला जास्त कळतं, यात मला तिळमात्र शंका नव्हती. त्या समजापायी मी जे केलं ते इथे लिहून ठेवते आहे.

आमचं गाव सुप्यापासून दीड कोस आत. गावाच्या खालच्या अंगाला आम्हा ख्रिस्ती लोकांची पंधरा-सोळा घरं होती. आठवडाभर शाळा आणि रविवारी उपासना अशी आमची एकच खोली, वर पत्रा, खाली शेणानं सारवलेली जमीन. पाळक महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार बाबाच चालवायचे. त्यांना वाचता बेताचंच येई, पण पन्नास-साठ गाणी तोंडपाठ होती. पांढरा फेटा बांधून, एकतारी घेऊन ते उभे राहिले की मंडळी आपोआप सरळ बसत.

गाण्याची आमची एक रीत होती. बाबा ओळ सांगणार, बाकीचे ती उचलणार, आणि प्रत्येक कडव्याला सूर थोडा चढणार. कडवं संपलं की बाबा हात न थांबवता एकतारीची खुंटी किंचित पिळायचे, तार ताणायचे आणि नव्या सुरात पुढचं कडवं धरायचे. पहिलं कडवं बसल्या आवाजात, शेवटचं गळ्याच्या शिरा फुगवून. माझ्या आजोबांच्या वेळेपासून असंच चालत आलेलं. सूर चढला नाही तर गाणं झालंच नाही, असं आमच्याकडे म्हणत. लहानपणी मीही म्हणायची.

नगरला दर वर्षी थंडीत खेडोपाडीच्या मंडळ्यांचा गायनाचा मेळा भरे. गाणारे कोणीच गवई नव्हते. शेतकरी, गवंडी, शाळामास्तर, त्यांच्या बायका. प्रत्येक गावाची मंडळी एक गाणं म्हणे, तीन परीक्षक कागद घेऊन बसत आणि पहिल्या येणाऱ्या मंडळीला पितळी पत्रा ठोकलेली लाकडी ढाल वर्षभर गावी न्यायला मिळे. मी ट्रेनिंगला असताना आमच्या गावची मंडळी दोनदा या मेळ्याला आली होती. दोन्ही वेळा शेवटून पहिली. परीक्षकांचा शेराही दोन्ही वेळा एकच होता: सूर धरून राहत नाही.

दुसऱ्या वेळी मी शाळेतल्या मुलींबरोबर मांडवात बसले होते. बाबा तिसऱ्या कडव्याला खुंटी पिळायला लागले तशा माझ्या मागच्या दोघी खुसखुसायला लागल्या. एक म्हणाली, "हा म्हातारा आता कुठवर जाणार?" ते माझे वडील आहेत हे मी त्यांना सांगितलं नाही. मेळा संपल्यावर बाबा मला भेटायला आले तेव्हाही मी त्यांना मांडवाच्या मागे नेऊन भेटले. बाबांनी माझ्यासाठी तिळाच्या वड्या आणल्या होत्या. त्या मी एकटीनंच खाल्ल्या, मुलींना दिल्या नाहीत, कारण दिल्या असत्या तर कोणी आणल्या ते सांगावं लागलं असतं.

म्हणून मला ती ढाल हवी होती. आमच्या गावाला पुन्हा कोणी हसता कामा नये, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मला कोणी हसता कामा नये, एवढंच होतं ते.

मी गावी परतले त्या वर्षी पाळकांबरोबर मेळ्याचं पत्र आलं. या खेपेला सगळ्या मंडळ्यांनी एकच नेमलेलं गाणं म्हणायचं होतं. इंग्रजी चालीचं, चार कडव्यांचं, आणि साथीला फक्त पेटी. मला तर आनंदानं उड्या माराव्याशा वाटल्या. मला पेटी येत होती. ट्रेनिंग शाळेच्या मोठ्या बाईंना गळ घालून मी एक जुनी हातपेटी मागून आणली. मोटारीत ती सबंध वाट मांडीवर धरून बसले होते, पाय सुजून भाकरीसारखे झाले.

रविवारी उपासना झाल्यावर तालमी सुरू केल्या. गाणारी आम्ही बारा माणसं. बाबांनी आपणहून एकतारी खुंटीला अडकवली आणि इतरांबरोबर रांगेत येऊन उभे राहिले. तालमीत ते मला शाळेतल्या पोरांसारखं "बाई" म्हणायचे.

"बाई, आमी कुटं उभं ऱ्हायचं?"

"पुढं."

"हात कुटं ठिवायचं?"

मंडळी हसायची, मीही हसायची. चाल बाबांनी सगळ्यांच्या आधी उचलली. दोनदा वाजवून दाखवली आणि तिसऱ्यांदा ते बिनचूक म्हणत होते. अडचण तिथे नव्हती. पेटीवर मी काळी एक पट्टी धरायची. पहिलं कडवं ठीक जायचं. दुसऱ्या कडव्याला बाबा किंचित वर. बाबा वर गेले की बाकीचे दहाजण त्यांच्या मागे वर. चौथ्या कडव्याला सगळी मंडळी काळी दोनला पोचलेली आणि मी खाली पेटीवर एकटीच काळी एक धरून बसलेली. ऐकणाऱ्याचे कान किटावेत असा तो प्रकार.

"बाबा, तुमी वर गेला."

"म्या? म्या तर जाग्यावरच हाय की."

त्यांना खरंच कळत नव्हतं. तीस वर्षं कडव्यागणिक चढणाऱ्या माणसाला चढणं हेच जागेवर राहणं वाटत होतं. मी त्यांना मागच्या रांगेत उभं केलं. मागून त्यांचा आवाज आणखीच मोठा येऊ लागला. मी इतरांना सांगितलं, बाबांकडे लक्ष देऊ नका, पेटीकडे द्या. शेजारची मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं, पेटी कालची आली. तुझ्या बापाच्या मागं आमी जलमभर म्हनतोय. आमचं कान काय तुझं ऐकत्यात व्हय?" बाबांना या वर्षी गाळावं, असंही मी एकदा हळूच सुचवून पाहिलं. त्यावर मावशीनं सगळ्यांच्या वतीनं निकाल देऊन टाकला: "त्यो न्हाई तर आमीबी न्हाई."

म्हणजे बाबा हवेत, आणि त्यांचा आवाज नको. मी दोन दिवस धुसफुसत राहिले, शाळेत पोरांवर राग काढला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. ते अंगणात घायपाताचा दोर वळत बसले होते.

"बाबा, एक सांगू?"

"सांग की."

"मेळ्यात तुमी पुढंच उभं ऱ्हा. पन आवाज काढू नगा. नुसतं ओठ हलवा."

त्यांचे हात दोर वळत राहिले. म्हणाले, "नुसतं ओठ?"

"व्हय."

"शबुद मनात म्हनलं तर चालंल?"

"चालंल की."

"आन मनातल्या मनात चढला तर?"

मी मोठ्यानं हसले. तेही हसले. मला हायसं वाटलं, की चला, यांनी वाईट वाटून घेतलं नाही. माणूस हसला म्हणजे त्याला काही लागलं नाही, असं समजण्याचं माझं वय होतं.

"आन बाकीच्यास्नी काय सांगायचं?" मी विचारलं.

"त्ये माजं मी बघतो," बाबा म्हणाले.

पुढच्या रविवारी ते गळ्याला उपरणं गुंडाळून आले आणि कुजबुजत्या आवाजात मंडळींना म्हणाले, "घसा बसलाय. म्या आपलं हळूहळू म्हनतो." इतकं हुबेहूब केलं की क्षणभर मीसुद्धा फसले. मावशी तडक घरी गेली आणि अडुळशाचा काढा उकळून घेऊन आली. कडू जहर. बाबांनी तिच्यासमोर तो सगळा पिऊन टाकला, तोंडही वाकडं केलं नाही. त्यानंतर मेळ्यापर्यंत मावशी रोज सकाळी तांब्या घेऊन यायची आणि बाबा रोज तो काढा प्यायचे. आईला संशय आला होता. "घसा बसलाय तर झोपंत घोरताना कसा उठतो?" असं तिनं एकदा विचारलं. बाबांनी तिला डोळ्यांनी गप्प केलं. आईनं मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी चुलीतली लाकडं सारायला लागले.

बाबांचा आवाज गेला तशी मंडळी पहिल्यांदा चाचपडली. आंधळ्याची काठी काढून घ्यावी तसं झालं त्यांचं. पण धरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी पेटी धरली. तिसऱ्या तालमीला गाणं काळी एकमध्ये सुरू झालं आणि काळी एकमध्येच संपलं. मी टाळ्या वाजवल्या. बाबाही टाळ्या वाजवत होते. शब्दांच्या बाबतीत मात्र त्यांनी कसूर केली नाही. प्रत्येक शब्दाला त्यांचं तोंड पुरतं उघडत होतं, मिटत होतं. फक्त कडवं संपलं की त्यांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप जुळायची आणि नसलेली खुंटी पिळायची. ते मला दिसलं होतं. ऐकू तर काही येत नाही, मग पिळेनात का, असं मी मनात म्हटलं.

मेळ्याच्या दिवशी आम्ही पहाटे भाकऱ्या बांधून सुप्याला चालत आलो. लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की मोटार धापा टाकायची आणि उतारूंनी खाली उतरून मागून ढकलायची असा रिवाजच पडला होता. आम्ही बाराजण असल्यानं ड्रायव्हरला त्या दिवशी आमचा मोठाच आधार वाटला असणार. तो बाबांना ओळखत होता. म्हणाला, "बुवा, एक म्हना की, म्हंजे गाडी जरा पळंल." बाबांनी गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली.

मांडव गच्च भरला होता. श्रीगोंद्याकडची मंडळी होती, अकोले तालुक्याच्या डोंगराकडून आलेली होती. त्यांच्यातले काहीजण दोन दिवस आधी निघाले होते. एकच गाणं अकरा वेळा ऐकायचं म्हणजे शिक्षाच, पण लोक मजेत ऐकत होते. आमचा नंबर आठवा. मी पेटीवर बसले तेव्हा माझी बोटं गारठली होती. मंडळी अशी म्हणाली की मला पुढे कधी तसं म्हणवून घेता आलं नाही. मावशीसारखी मावशी, ती सुद्धा शब्द न खाता म्हणाली. चौथं कडवं संपलं, मी काळी एकवर शेवटचा सूर धरला, आणि सगळे आवाज त्या सुरावर अलगद येऊन बसले. मागच्या वर्षी खुसखुसणाऱ्या मुली कुठे बसल्या आहेत ते मी शोधत होते.

ढाल आम्हाला मिळाली.

निकाल सांगायला परीक्षकांपैकी एक बाई उभ्या राहिल्या. चष्मा लावलेल्या, कडक दिसणाऱ्या. त्यांनी सगळ्या मंडळ्यांना चार शब्द सुनावले, की खेड्यातली माणसं तोंड न उघडता गातात, शब्द दातांतच राहतात. आणि मग आमच्याकडे हात करून म्हणाल्या, "या मंडळीतले पुढच्या रांगेतले, पांढऱ्या फेट्यातले गृहस्थ पाहिलेत का? तोंड कसं उघडावं आणि शब्द ओठांवर कसा आणावा, हे सगळ्यांनी त्यांच्याकडून शिकावं. उभे राहा बाबा, लोकांना दिसू द्या."

बाबा उभे राहिले. त्यांनी हात जोडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण बाई म्हणाल्या, "एक कडवं एकट्यानं म्हणून दाखवा ना. बाकीच्यांना धडा मिळेल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

ते पाहणं मला आजही जसंच्या तसं आठवतं. त्यात तक्रार नव्हती. शाळेतलं पोर "बाई, पानी पिऊन येऊ?" असं विचारताना जसं बघतं, तसं ते बघणं होतं. एकच कडवं होतं. एका कडव्यात कोणी चढत नाही, बाबा तर नाहीच. पहिलं कडवं ते नेहमी जमिनीवर पाय रोवूनच म्हणत. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ढाल अजून टेबलावर होती, आमच्या हातात आली नव्हती, आणि हा आवाज गाण्यात नव्हता हे कोणाच्या लक्षात आलं तर, अशी भीती माझ्या मनात आली. मी मान हलवली. नाही म्हणून.

बाबांनी गळ्याला हात लावला आणि कुजबुजले, "घसा बसलाय, बाई."

"पाहा," त्या बाई सगळ्यांना म्हणाल्या, "घसा बसलेला असताना हा माणूस इतक्या तळमळीनं गायला." पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा जोरात. मावशीनं तर पदरानं डोळे पुसले. तिला वाटलं, तिच्या काढ्यानंच एवढं तरी निभावलं.

परत येताना ढाल मावशीच्या मांडीवर होती. मंडळी गाडीत सबंध रस्ताभर गात होती. बाबा खिडकीपाशी बसून ओठ हलवत होते. मी त्यांच्या शेजारी होते. उतरायच्या आधी ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "शबुद एकबी चुकला न्हाई गं माजा." मी म्हटलं, "न्हाई चुकला."

पुढच्या रविवारी ढाल खोलीत भिंतीवर लावली. पेटी परत गेली होती. मी एकतारी पुसून बाबांपुढे धरली आणि म्हटलं, "बाबा, आता म्हना. तुमचं गानं म्हना."

"घसा बसलाय, बाई," ते म्हणाले.

मला आधी वाटलं, मंडळींपुढे सोंग एकदम सोडता येत नाही म्हणून म्हणत असतील. आठ दिवसांनी सोडतील. पण त्याच्या पुढच्या रविवारीही तेच, आणि त्याच्याही पुढच्या. ओळ सांगायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. बाबा पुढच्या बाजूला आपल्या जागी बसत आणि ओठ हलवत. मावशीनं काढा बंद केला, म्हणाली, वय झालं, आवाज गेला तो गेलाच. घरात बाबा बोलायचे नेहमीसारखं, आईवर ओरडायचेसुद्धा. फक्त गाणं नव्हतं. मी एकदा चिडून म्हणाले, "बाबा, आता पुरं झालं. मेळा कवाच संपला." ते म्हणाले, "अगं, पर तू म्हनलीस त्ये खरंच हाय. म्या वर जातो. मला कळत न्हाई, लोकांना कळतं." हे ते रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. भांडणं मला जमत होतं. पण त्यांनी ते पटल्यासारखं म्हटलं, आणि त्यावर मला काही करता येईना.

ज्वारीच्या कणसांत दाणा भरला तसे बाबा राखणीला शेतातल्या माळ्यावर, मेढींवरच्या मचाणावर, बसू लागले. गोफण घेऊन दिवसभर पाखरं हाकलायची. एका शनिवारी शाळा सकाळची होती, म्हणून आईनं माझ्याजवळ त्यांची भाकरी दिली. मी बांधावरून चालले होते, ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेलेली, आणि मला आवाज ऐकू आला.

तेच मेळ्यातलं गाणं होतं. बाबा मोकळ्या गळ्यानं म्हणत होते. पहिलं कडवं संपलं, दुसरं किंचित वर, तिसरं आणखी वर. मी बांधावरच थांबले. ती इंग्रजी चाल त्यांच्या गळ्यात आमचीच झाली होती, आणि चढत होती म्हणूनच चांगली लागत होती. मला इतका आनंद झाला की डोळ्यांना पाणी आलं. घसा शाबूत होता. चौथं कडवं सुरू झालं तशी मी भाकरीचं फडकं छातीशी धरून ज्वारीच्या ताटांतून धावत सुटले, त्यांना सांगायला, की बाबा, असंच म्हणा, रविवारीही असंच म्हणा.

ताटं सळसळली. बाबांनी वळून खाली पाहिलं, मी त्यांना दिसले, आणि आवाज थांबला. ओठ मात्र हलत राहिले, कडवं पुरं होईपर्यंत.